वाकळ कुणासाठी शिवताय, आधी त्याला झोपलेला बघा

धाकट्या भावाला नोकरी लागली तेव्हा मी त्याला हातानं वाकळ, म्हंजे तुमची गोधडी, शिवून दिली. त्याचं नाव मधोमध एवढं मोठं घातलं, लाल दोऱ्यात, आणि चारी बाजूला बदाम. तीन महिने गेले त्यात. पुढच्या वर्षी बेंगळूरला त्याच्या खोलीवर गेलो तर वाकळ कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, आणि हा बाजारातलं ते गुळगुळीत ब्लँकेट घेऊन झोपलाय. विचारलं तर म्हणतो, "अक्का, छान आहे गं, खरं पाय बाहेर येतात." सहा फुटी पोरगा आणि मी वाकळ घातलेली साडेपाच फुटाची, आईच्या जुन्या वाकळेचं माप धरून. नाव अगदी बरोबर होतं, माप चुकलं.

(आमच्या बेळगाव, खानापूरकडं बायकापण 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, तेव्हा वाचताना दचकू नका. आणि आमचं 'खरं' म्हंजे तुमचं 'पण'.)

आम्ही वाकळ म्हणतो, शेजारच्या कन्नड अक्का कौदी म्हणतात, पुण्याकडं गोधडी. वस्तू तीच, जुनी सुती कापडं थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवलेली. आता घरातल्या माणसांसाठी 'पर्सनल' गोधडी करायची म्हटलं की लोक नाव, फोटो, वाढदिवसाची तारीख असलं काय काय घालत बसतात. घाला की, कोण नको म्हणतंय, खरं ते सगळ्यात शेवटी. आधी तो माणूस झोपतो कसा ते बघायचं. डोक्यावरून पांघरतो का, मध्यरात्री लाथ मारून टाकतो का, पाय गार पडतात का, पलंगावर झोपतो का खाली, एकटा झोपतो का पोराला कुशीत घेऊन. यातलं निम्मं तुम्हाला माहीतच असतं, घरचंच माणूस ना, फक्त शिवताना ते आठवत नाही.

माप असं धरा. माणसाची उंची अधिक एक फूट, डोक्यावरून घ्यायची सवय असली तर अधिक दीड फूट. म्हंजे सहा फुटी माणसाला सात ते साडेसात फूट लांबी लागते. रुंदी एकट्याला पाच फूट पुरते, कूस बदलत बदलत झोपणारा असेल तर साडेपाच करा. अंथरायची वेगळी आणि पांघरायची वेगळी हे पण पहिल्यांदा ठरवा. अंथरायच्या वाकळेला सात-आठ थर चालतात आणि टाके जवळजवळ पाहिजेत, पांघरायचीला तीन-चार थर बास. दोन्हीला चालेल अशी करायला जाल तर अंगावर घेतली की जड आणि खाली घातली की पातळ, असं काहीतरी मधलंच होऊन बसतंय.

माझ्या वडलांचं सांगतो. तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काढली त्यांनी, भट्टीजवळ. त्यामुळं काय माहीत नाही, खरं त्यांना अंगावर जड काही सहन होत नाही, छातीवरची वाकळ रात्री बाराला बाजूला पडलेली असते, आणि पाय मात्र बर्फ. मग त्यांची वाकळ मी वरून पाच फूट नुसती तीन थरांची केली आणि पायाकडं दीड फूट पट्ट्यात आणखी दोन थर घातले. बाहेरून काही दिसत नाही. वरची टाकून दिली तरी पायाकडचा भाग वजनानं जागेवर राहतो. त्यांच्या खाकी शर्टाचं कापड वापरायचं फार मनात होतं, खरं ते जाड ड्रिलचं, थरांत घातलं तर सुई जात नाही, माझ्या दोन सुया मोडल्या आणि अंगठ्याला एक आठवडा पट्टी. मग फक्त दोन खिसे आणि हातोप्यांच्या पट्ट्या घेतल्या, त्या पायाकडं वरच्या कापडावर आधी वेगळ्या शिवून घेतल्या आणि थर शिवताना त्यांच्या कडेकडेनं टाके घेतले, मधून नाही. खिशावर ठिणग्या उडून पडलेली बारीक भोकं होती, मोहरीएवढी. आई म्हणाली त्यावर ठिगळ लाव. मी नाही लावलं, प्रत्येक भोकाच्या भोवती केशरी दोऱ्यानं गोल टाके घातले. वडील आल्यागेल्याला ती भोकं दाखवतात आता, ही अमक्या सालची, ही तमक्या सालची.

आज्जीचं एकदम उलटं. ती कणकुंबीच्या बाजूला राहते, खानापूर तालुक्यात, तिथं पावसाचे चार महिने अंथरूण कायम ओलसर लागतं. जाड वाकळ तिकडं वाळतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला ती उचलायची पण होत नाही. एक सुती साडी चारशे-पाचशे ग्रॅम भरते, त्या हिशोबानं मोठ्या वाकळेचं वजन अडीच-तीन किलो सहज होतं, आणि भिजली की त्याच्या दुप्पटीच्या वर. आज्जीला मी दीड किलोच्या वर जाऊ दिली नाही. पातळ धोतराचे दोन थर आणि वरखाली मऊ झालेलं लुगडं, एवढंच.

आणि तिची एक अट. "पायाकडची बाजू तोंडाला यायची नाही, आधीच सांगतो." ही अट तुमच्या पण घरात कुणाची तरी असेलच. आता तिला मोतीबिंदू, वर कुठली खाली कुठली दिसत नाही. इथं मला हल्याळकडची कवंद आठवली. आमच्या खानापूरला लागूनच उत्तर कन्नड जिल्हा, तिथं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात, त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्याला फुला म्हणतात, आणि फुला नसतील तर कवंद उघडीनागडी दिसते असं तिथल्या म्हाताऱ्या बायका मानतात. मी आज्जीच्या वाकळेला फुला घातल्या, खरं फक्त डोक्याकडच्या दोन कोपऱ्यांना. हातानं चाचपून तिला कळतं कुठली बाजू तोंडाकडची. फुला करायला सोप्या आहेत, चार इंचाचा चौकोन घ्यायचा, तिरका दुमडून त्रिकोण करायचा, परत एकदा दुमडायचा, असे दोन-तीन रंगांचे त्रिकोण एकात एक सरकवून कोपऱ्यात घट्ट शिवायचे. खणाचं कापड याला झकास, कडक असतं आणि घडी बसते. ब्लाऊज शिवून उरलेले खणाचे तुकडे फेकू नका म्हणून तर सांगतो.

कापड

कुणाचं कापड घालायचं हा विषय नाजूक आहे, आणि इथं घाई करणारी माणसं पस्तावतात. माणूस हयात असेल तर त्याला विचारून कापा. कॉलेजचा टीशर्ट तुम्हाला चिंधी वाटतो, त्याला नाही वाटत. गेलेल्या माणसाचे कपडे असतील तर घरातल्या सगळ्यांना विचारा, कारण कुणाला ते अंगावर घ्यावंसं वाटतं आणि कुणाला नजरेसमोर पण नको असतं, दोघंही बरोबरच. काकांच्या सदऱ्यांचं असंच झालं आमच्यात, काकूनं आधी हो म्हटलं आणि मी कात्री घेऊन बसलो तर हात धरला. मग आम्ही सदरे न कापता अख्खेच घडी करून आत थर म्हणून घातले, बटणं तेवढी काढली. वरून दिसत नाहीत, खरं काकूला माहीत आहे आत काय आहे ते.

सुती, फक्त सुती. पॉलिस्टर साडी फुकट मिळते म्हणून आत घालू नका, घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून सरकतात आणि दोन धुण्यांत आत गोळा होतो. जुनं कापड चालतं, खरं विरलेलं वरच्या थराला चालत नाही. ओळखायचं कसं, तर दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी ताणायचं, टर्र आवाज आला तर ते आतल्या थराला, वरच्याला नाही. लुगड्याचा बसण्याचा भाग आधी विरतो, काठ आणि पदर शेवटपर्यंत दणकट राहतात. म्हणून काठ वेगळे काढून ठेवा, ते कडेला गोट लावायला येतात.

इरकल असेल तर जरा थांबा. इरकलीचा पदर वेगळ्या धाग्याचा असतो, बहुतेक रेशमी नाहीतर आर्ट सिल्कचा, आणि अंग सुती, दोन्ही मागावरच जोडलेलं असतं. धुतलं की दोघं सारखे आटत नाहीत. त्या जोडावर कापून दोन वेगळी कापडं धरायची. आणि लाल पदराचा रंग! मी एकदा न बघता लाल पदराचे चौकोन पांढऱ्या धोतराशेजारी बसवले, पहिल्या धुण्यात सगळं गुलाबी. वर मीठ घाल, व्हिनेगर घाल म्हणून दहा जणांनी सांगितलं, घातलं, काही झालं नाही. कच्चा रंग मिठानं पक्का होत नसतो. आता मी प्रत्येक गडद कापडाचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यात पाच मिनिटं दाबून ठेवतो, डाग उमटला की ते कापड सरळ बाजूला. नवीन कापड घ्याल ते पण आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, नवीन सुती कापड आटतं.

अस्तराला नवीन कापडच पाहिजे असं काही नाही. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की साडेसात फूट रुंद आणि नऊ फूट लांब कापड होतं, त्यात कुठलीही वाकळ बसते. विकतच घ्यायचं असेल तर ४४ इंची पन्ह्याचं साडेचार मीटर लागतं पाच बाय सातला. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीत सुती कापड भरपूर आहे, आणि वडगाव-खासबागकडं कुणी मागवाले ओळखीचे असतील तर त्यांच्याकडं उरलेसुरले तुकडे विचारा. आत भरायला साडी आडवी घालायची, म्हंजे पाच फुटाच्या पट्ट्या कापून एकीखाली एक. अशा दोन पट्ट्यांत सात फुटाचा एक थर होतो आणि एका साडीत साधारण पावणेदोन थर बसतात. पट्ट्या जिथं जोडाल तो जोड प्रत्येक थरात वेगळ्या जागी येऊ दे, नाहीतर एकाच ठिकाणी दांडा तयार होतो आणि रात्रभर पाठीला टोचतो.

शिवायला बसायचं

वरचं कापड दोन तऱ्हेनं होतं. एक, चौकोन जोडून. पाच बाय सात फुटाला सहा इंची चौकोन धरले तर आडवे १० आणि उभे १४, म्हंजे १४० तुकडे. कापताना सात इंचाचे कापा, जुनं कापड उसवतं म्हणून चारी बाजूला शिवणीत जायला अर्धा इंच दाब लागतोच, पाव इंचावर भागवू नका. पुठ्ठ्याचा एक सात इंची चौकोन करून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यावरच आखा, आधी कापलेल्या तुकड्यावरून पुढचा कापायचा नाही, प्रत्येकाला दोराभर फरक पडत पडत चाळिसाव्याला बोटभर जातो. हे मी ऐकून सांगत नाही.

दुसरी तऱ्हा आमच्या शेजारच्या अक्कांची, कवंद पण अशीच होते. वरचं कापड वेगळं करायचंच नाही. खाली अस्तर, त्यावर थर, आणि एका कोपऱ्यापासून एकेक तुकडा कडा आत दुमडून ठेवायचा आणि सगळ्या थरांतून शिवत शिवत पुढं जायचं, कडेकडेनं फेरा पूर्ण झाला की आतला फेरा, असं मध्यापर्यंत. याला तुकडे सारख्या मापाचे लागत नाहीत, हातात येईल ते. माणसाच्या आठवणीची कापडं लहानमोठी असतात, कुठं खिसा, कुठं बाही, कुठं परकराचा तुकडा, त्याला हीच पद्धत बरी. फक्त एक करू नका, चौकोन जोडून वरचं कापड पूर्ण तयार करायचं आणि मग कडेपासून आत शिवत यायचं. सैल पडलेलं सगळं कापड मध्ये ढकललं जातं आणि पोटावर फुगा येतो. चौकोनांची वाकळ मधून बाहेर शिवत जा, कोपऱ्यापासूनची कडेनं आत या.

पसरायला मोठी खोली पाहिजे. फरशी झाडून पुसून घ्या, अस्तर उलटं पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडं एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर तांदळाचा डबा आणि उरलेल्या दोनावर पोरं बसतात, ती पाच मिनिटं बसतात आणि मग पळतात, म्हणून डबाच बरा. प्रत्येक थर घातला की तळहातानं मधून बाहेर सारवत न्यायचा. सगळे थर झाले की लांब दोरा घेऊन कच्चा धावदोरा, आधी मधोमध आडवा-उभा, मग वीतभर अंतरावर सगळीकडं. याचा लोकांना कंटाळा येतो आणि सेफ्टी पिना लावून भागवतात. पिना चालतात, खरं गंजक्या पिनेचा डाग कधीच जात नाही. मी कच्चा दोराच घालतो, एक संध्याकाळ जाते, जाऊ दे.

दोरा सुती घ्या. नायलॉनचा मजबूत असतो म्हणून लोक घेतात, खरं तो इतका मजबूत की मऊ जुन्या कापडाला कापत जातो, दोरा शिल्लक आणि कापड फाटलेलं. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही. किती लागेल? एक-एक इंचावर ओळी धरल्या तर पाच बाय सातला सात फुटाच्या ६० ओळी, म्हंजे जवळजवळ १२८ मीटर, खालीवर आणि वाया धरून १५०, आणि दुहेरी दोऱ्यानं शिवाल तर ३०० मीटर. एकाच रंगाची रिळं एकदम घेऊन ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही. वेळेचं म्हणाल तर एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं, रोज एक तास बसलात तर नुसत्या टाक्यांना महिना जातोय.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधलं अंतर पण तेवढंच. सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग ओढायचं. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, पहिले दोन दिवस अडचण वाटते, तिसऱ्या दिवशी काढवत नाही. दोरा ओढताना कापड गोळा व्हायला लागलं की समजायचं हात घट्ट पडलाय. शेजारच्या अक्का माझ्याजवळ बसून नुसतं बघायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश माडव्वा", सावकाश कर गं. त्यांचा हात बघितला तर दोरा ओढून झाला की डाव्या हाताचा अंगठा ओळीवरून उलटा फिरवायच्या, सुरकुती परत मागं सरकवायला, प्रत्येक वेळी, बोलता बोलता. मला ते कळायलाच वर्ष गेलं. गाठ बाहेर ठेवायची नाही, सुरुवातीला ती थरांच्या मध्ये ओढून घ्यायची आणि शेवटाला दोन टाके मागं घेऊन दोरा आत सोडून कापायचा. आज्जीच्या वाकळेत एक गाठ बाहेर राहिली होती तर तिनं दुसऱ्याच दिवशी फोन केला, गालाला टोचते म्हणून.

मध्यावरचा शेवटचा तुकडा लावायच्या आधी आज्जी चार दाणे तांदूळ आत टाकायला लावते. वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणते. मी टाकतो. किडे लागतील म्हणून चारच, मूठभर नाही.

कडेला गोट लावायचं सोपं काम म्हंजे अस्तर चारी बाजूला दोन इंच जास्त ठेवायचं आणि पुढं दोनदा दुमडून शिवायचं. लुगड्याचे काठ काढून ठेवले असतील तर ते लावा, हाताळून हाताळून कडाच आधी जातात आणि काठ टिकतो.

आता नाव

इथपर्यंत आलात तर आता नाव घाला, कोपऱ्यात, पाठीमागं, साल पण घाला. मला विचाराल तर छापील वळणाचं नाव घालू नका, अक्षर त्या माणसाचं किंवा त्याच्या आईबापाचं घ्या. जुनं पोस्टकार्ड, वहीचं पान, किराणाची यादी, काहीही. झेरॉक्स काढून कार्बनवर ठेवून कापडावर उतरवायचं आणि मागचा टाका घेत जायचं. माझ्या भाचीच्या वाकळेवर आईच्या हातची "चणाडाळ पावशेर" एवढीच ओळ आहे, ती होस्टेलला घेऊन गेली, आणि तिच्या मैत्रिणींना अजून अर्थ लागत नाही.

कसुती येत असेल तर सोन्याहून पिवळं. धारवाडकडचं हे भरतकाम इरकलीवर खूप बघितलं असेल, गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती. गवंती, मुरगी, नेयगे, मेंती असे चार टाके, धागे मोजून घालायचे, त्यामुळं सरळ विणीचं कापड लागतं, विरलेल्या धोतरावर जमत नाही. गवंती आणि मुरगी दोन्हीकडून सारखे दिसतात. वेगळ्या तुकड्यावर भरून घ्या आणि मग तो तुकडा वाकळेला जोडा, अख्ख्या वाकळेवर भरायला बसू नका, पाठ जाते.

लहान बाळासाठी करत असाल तर बटणं, टिकल्या, मणी, लोंबणारे दोरे काही नको, आणि फुला पण नकोत, पोर तोंडात घालतं. अडीच बाय तीन फूट, दोन-तीन थर, सगळ्यात मऊ कापड. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंगावर पांघरूण म्हणून मोकळी वाकळ टाकून देऊ नका, तोंडावर येऊ शकते. जागं असताना खाली पसरा, त्यावर लोळू दे, तुम्ही शेजारी बसा. तीन-चार वर्षांचं झालं की मग खिसा लावा, माझ्या पुतण्याच्या वाकळेला त्याच्या शाळेच्या जुन्या शर्टाचा खिसा आहे, त्यात सकाळी कधी गोटी सापडते कधी अर्धं बिस्कीट.

धुणं थोडक्यात. पहिलं धुणं गार पाण्यात आणि एकटीचं. मोठ्या टपात भिजवून पायानं तुडवायची, पिळायची नाही, भिंतीवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी टाकायची, एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं ओळी ताणतात. जून ते सप्टेंबर धुवायच्या भानगडीत पडू नका, आमच्याकडं तरी नाही. उन्हाळ्यात धुवून, खडखडीत वाळवून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायची.

आणि तोकडी झाली तर टाकून द्यायची नाही. भावाची ती वाकळ मी परत आणली, खालचा गोट उसवला, थर दोन-दोन इंच मोकळे केले, आईच्या मोरपंखी साडीची दोन फुटी पट्टी तेवढ्याच थरांची करून प्रत्येक थर आपापल्या थराला टाचला आणि वरून नव्या ओळी जुन्या ओळींत वीतभर आत नेल्या, म्हंजे जोडावर मोडत नाही. मधलं लाल नाव तसंच ठेवलं, बदाम तेवढे उसवले, लाजत होता तो. आता रोज घेतो. परवा फोन आला, म्हणतो, "अक्का, पाय झाकले गं, खरं तोंडाकडची बाजू कुठली तेच कळत नाही." फुला घालायच्या विसरल्या.